पहिल्या बोंबेचा मान

एका गावात एक खोत होता, आणि त्याला माणसांच्या आवाजाची भीती वाटायची.

गावाचं नाव कांदळखार. खाडीच्या काठावर वसलेलं. खोत म्हणजे गावचा धनी. जमीन त्याची आणि हुकूमही त्याचाच. नाव अंताजीराव. हा माणूस वाघाला भ्यायचा नाही, वादळाला भ्यायचा नाही. पण चार माणसं एका जागी जमून मोठ्यानं बोलायला लागली, की हा उठून आत जायचा. आता असला माणूस गावचा धनी झाल्यावर काय व्हायचं? जे व्हायचं तेच झालं. ऐका.

कांदळखारची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली होती. मध्ये फक्त एक मातीचा बांध, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा रुंद. भरती आली की पलीकडून खारं पाणी बांधाला टेकायचं आणि अलीकडे हिरवं भात डुलत असायचं. बांधाच्या टोकाला लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ते उघडून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीला बंद करायचं. सगळं गाव या बांधाच्या भरवशावर भाकरी खात होतं.

पण खेकडे बांध पोखरतात. बिळातून पाणी झिरपतं, बिळाचं भगदाड होतं आणि एके दिवशी बांध फुटतो. बांध फुटला की तिकडे म्हणतात, खांड पडली. खांड पडल्यावर सगळ्या गावानं लगेच धावावं लागतं. उशीर झाला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि मग तीन तीन वर्षं तिथे गवताची काडी उगवत नाही.

म्हणून गावात जुनी रीत होती. संकट दिसलं की तोंडावर उलटा हात मारून बोंब ठोकायची. जो ऐकेल त्यानं हातातलं काम टाकायचं, तीच बोंब पुढच्या घराला द्यायची आणि धावत सुटायचं. कुणाची बोंब, कशाची बोंब, विचारत बसायचं नाही. ही सवय तिथल्या माणसांच्या हाडात भिनलेली होती.

आणि वर्षातून एकदा सणाची बोंब असायची. शिमग्याला होळी पेटली की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव खोताच्या दारात जमायचा. प्रत्येक घरानं एकच गाऱ्हाणं सांगायचं, पण खोताचं नाव घेऊन. “अमक्या खोताच्या नावानं बोंब!” असं म्हणून गाऱ्हाणं घालायचं आणि मागे सगळ्या गावानं बोंब ठोकायची. खोतानं डोक्यावरची पगडी उतरवून उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. रागवायचं नाही, सबब सांगायची नाही. प्रत्येक गाऱ्हाण्याला एकच शब्द म्हणायचा, “ऐकलं.” मग सगळ्यांना गूळखोबरं वाटायचं. जे गाऱ्हाणं वर्षभरात दूर झालं ते पुन्हा काढायचं नाही. जे राहिलं ते पुढच्या शिमग्याला पुन्हा.

पहिल्या बोंबेचा मान बांधाजवळच्या शेवटच्या घराचा. त्या घरात येसू राहायची. तिचा नवरा समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. पदरात एकच पोर, मैना. येसूचा आवाज म्हणजे काय सांगू! तिनं मैनेला जेवायला हाक मारली की खाडीपलीकडची गुरं मान वर करून बघायची.

अंताजीराव खोत झाला आणि त्याचा पहिला शिमगा आला. गाव दारात जमला. येसू पुढे आली, तोंडावर हात मारून ओरडली, “अंताजी खोताच्या नावानं बोंब! उघाडीचं लाकूड कुजलंय, आणि खोत खुशाल झोपलाय!”

मागून दीडशे माणसांची बोंब उठली. अंताजी एक पाऊल मागे सरला. त्याच्या बापाला, आजाला हेच ऐकावं लागलं होतं, आणि ते हसत हसत ऐकत. याला हसू येईना. त्यानं कसंबसं “ऐकलं” म्हटलं, गूळ वाटला आणि आत जाऊन दाराला कडी घातली. आठ दिवसांत उघाडीचं लाकूडही बदललं. रीत बघा कशी चोख होती! लाकूड बदललं, पण ती बोंब काही त्याच्या डोक्यातून गेली नाही. आज बोंब मारतायत, उद्या काठ्या घेऊन येतील, असं त्याला वाटत राहिलं.

त्यानं ही रीत मोडायची ठरवली. तेव्हा दाऊद तांडेल गावात आला होता. नारळ भरायला त्याचं गलबत दरसाल यायचं. बारा बंदरांचं पाणी प्यालेला म्हातारा. खोताच्या ओटीवर बसून त्यानं हे ऐकलं आणि मान हलवली.

“खोत, एका मुलखात सणाला लोक मुखवटे चढवतात आणि हाकिमाची नक्कल करतात. हाकीम सज्जात बसून बघतो. दुसऱ्या एका मुलखात सणाच्या दिवशी धनी उभा राहून नोकरांची पानं वाढतो. आणखी एके ठिकाणी सगळे मिळून रस्त्यात भांडी बडवतात, कान किटतात नुसते. नावं निराळी, देव निराळे. पण मोठ्या माणसानं मान खाली घालायचा एक दिवस मी जागोजागी बघितलाय.”

“आणि जिथे तसा दिवस नाही?” खोतानं विचारलं.

“तिथे मी गलबत लावत नाही. तिथे कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.”

“मला भुंकणारी कुत्री नकोच आहेत,” खोत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. कांदळखारात बोंब बंद! शिमग्याची बंद आणि एरवीचीही बंद. बोंब मारील त्याच्या घराचं छप्पर उतरवलं जाईल. बोंबेला बोंब देईल त्याचंही.

“आणि खांड पडली तर?” कुणीतरी विचारलं.

“तर हळू येऊन सांगा,” खोत म्हणाला.

पुढचा शिमगा आला. होळी पेटली. माणसं भोवती उभी राहिली आणि नुसती जाळाकडे बघत राहिली. लाकडं तडतडत होती, तेवढाच आवाज. बायांनी नैवेद्य टाकला, पोरांना दंडाला धरलं आणि गाव घरी गेला.

तुम्हाला वाटेल, खोत आता सुखानं झोपला असेल. छे! आधी त्याला आवाजाची भीती होती, आता आवाज येत नाही याची भीती वाटायला लागली. गप्प बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय, कसं कळणार? बाजारात तो दिसला की बोलणी थांबायची. विहिरीवर तो दिसला की बायका खाली बघायच्या. हे सगळे मनातल्या मनात माझ्याच नावानं बोंब मारतायत, असं वाटून त्याला घाम फुटायचा.

त्याचा एक शिपाई होता, राणोजी. काम काडीचं नाही, पण मिशीला पीळ मात्र भारी. तो म्हणाला, “धनी, परीक्षा घेऊ. मी कुठेतरी लपून बोंब मारतो. कोण उत्तर देतो ते कळेल. उत्तर देणारा तो फितूर.”

भ्यालेल्या माणसाला असला सल्ला लगेच पटतो. आषाढात एका दुपारी राणोजी बांबूच्या बेटाआड बसला आणि त्यानं बोंब ठोकली. गावात सगळे चपापले. पण धर्मा कुंभार चाकावरून उठला, हात चिखलानं भरलेले, तसाच बोंब देत धावत सुटला. आग लागली का खांड पडली, एवढंच त्याच्या डोक्यात. बांबूच्या बेटापाशी पोचला तर समोर राणोजी उभा, मिशीत हसत.

त्याच संध्याकाळी धर्माचं छप्पर उतरवलं. बाहेर पाऊस कोसळत होता. कच्ची मडकी विरघळून अंगणभर चिखल झाला. धर्मा खोताला म्हणाला, “बोंब ऐकली म्हणून धावलो. माझं चुकलं काय?”

राणोजीनंच उत्तर दिलं. “धावलास, हेच.”

त्यानंतर राणोजी आठवड्यातून एकदा तरी कुठून ना कुठून बोंब मारायचा. कधी देवळामागून, कधी खाडीच्या उतारावरून. आणखी दोन छपरं गेली. मग गाव शहाणं झालं. बोंब ऐकू आली की आया पोरांच्या तोंडावर हात दाबायच्या. म्हातारी माणसं कानात बोळे घालायची. दारं लागायची आणि आतून अडसर पडायचे. राणोजी परत येऊन सांगायचा, “आज एकही नाही, धनी.” आणि खोताला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मग भादव्यात ते झालं. सांगायला जीभ वळत नाही, पण सांगायलाच हवं.

येसूची मैना बांधाखाली गवत काढत होती. सहा वर्षांची पोर. तिला फुरसं चावलं. विष उतरवणारा वैदू गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. पूर्वीचे दिवस असते, तर येसूनं एक बोंब ठोकली असती आणि ती घराघरातून उडी घेत वैदूच्या दारात गेली असती. वैदू वाटेवरच भेटला असता.

येसूनं तोंडापर्यंत हात नेला आणि तिला राणोजी आठवला. छप्पर गेलं तर या पोरीला घेऊन जाऊ कुठे? हात खाली आला. तिनं मैनेला पाठीवर घेतलं आणि ती एकेका दाराशी जाऊन कुजबुजत सुटली. “अगं, दार उघड गं. पोरीला चावलंय गं.” हळू. एवढं हळू, की निम्म्या दारांना ते ऐकूच गेलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना वाटलं, हीही राणोजीचीच काही नवी खेळी असेल. ती वैदूच्या दारात पोचली तेव्हा पाठीवरची पोर गार पडली होती.

येसू मोठ्यानं रडलीसुद्धा नाही. त्या दिवसापासून ती बोलली तर कुजबुजतच बोलली. खोताला कुणीतरी बातमी सांगितली. तो म्हणाला, “अरेरे,” आणि घरात गेला. पुढचा शिमगाही मुकाच गेला.

एक सण सुकला की बाकीचेही सुकायला लागतात. दिवाळीला पणत्या लागल्या, पण लोक एकमेकांच्या अंगणात गेले नाहीत. पुढच्या श्रावणात नारळी पुनव आली. पूर्वी या दिवशी दुपारच्या भरतीला सगळा गाव वाजतगाजत बांधावर जायचा आणि खाडीला नारळ द्यायचा. येता जाता दीडशे माणसांचे पाय बांधावरून फिरायचे. कुठे माती खचलीय, कुठे खेकड्याचं बीळ झालंय, ते पायाला कळायचं आणि घरी जायच्या आत बुजवलंही जायचं. आता लोक सकाळीच एकेकटे गेले, नारळ पाण्यात सोडले आणि मागे न बघता परतले. उघाडीपासून शंभर पावलांवर बांधातून पाणी झिरपत होतं. धर्मानं ते महिन्याभरापूर्वीच बघितलं होतं. पण खोताकडे जाऊन सांगायचं कुणी? बांध गळतोय म्हणणं म्हणजे खोताला बोल लावणं! धर्मानं आपल्या परीनं चार चिंध्या कोंबल्या आणि तोंड बंद ठेवलं.

टळटळीत दुपारी भरती पुरी चढली तेव्हा खोत नारळ घेऊन निघाला. बरोबर त्याची नात होती, सगुणा. सहा वर्षांची. अंताजीचा सगळा जीव त्या पोरीत. जगात एकच आवाज त्याला आवडायचा, तिचा.

“आजोबा, बाकीचे कुठे आहेत?” तिनं विचारलं.

“सकाळीच येऊन गेले.”

“पण नारळ तर भरतीला देतात ना?”

खोत पुढे चालत राहिला. नात त्याचा हात सोडून उघाडीच्या दिशेनं पुढे पळाली. तेवढ्यात तिला मागे काहीतरी दिसलं आणि ती वळली. “आजोबा, पाणी बघा कसं गरगरतंय!”

खोतानं खाली बघितलं. त्याच्या पायापासून हातभर अंतरावर खाडीचं पाणी भोवरा धरून बांधात शिरत होतं. त्यानं पाऊल मागे घेतलं आणि पायाखालची माती बसली. पुढच्या श्वासाला तो शेताच्या बाजूला खाली आदळला होता. कमरेपर्यंत चिखलात. बांधाच्या पायातले दगड घसरून त्याच्या नडगीवर येऊन बसले होते आणि शेजारून खाडी धो धो आत येत होती. खांड पडली होती.

सगुणा वर उभी होती. तिच्या पुढे खांड, मागे बंद उघाडी आणि त्यापलीकडे खाडीच खाडी. ती उभी होती तो बांधाचा तुकडा ओंजळ ओंजळ करून ढासळत होता.

खोतानं पाय ओढला. निघेना. त्यानं तोंडावर हात मारला. जन्मात कधी बोंब मारली नव्हती, ती त्यानं मारली.

दोन शेतं टाकून पलीकडे घरं होती. चिखलातून त्याला सगळं दिसत होतं. एक बाई ओटीवर बसून पोरीची वेणी घालत होती. बोंब ऐकताच तिनं पोरीला उचललं, आत गेली आणि दार लावलं. शेजारचं दार लागलं. त्याच्या शेजारचंही लागलं. एकेक दार लागत गेलं, आणि भर दुपारी सगळा गाव कुणीच राहत नसल्यासारखा उभा राहिला.

“अरे मी आहे!” तो ओरडला. “मी अंताजी! मी खोत! खरंच खांड पडलीय!”

झालं! आतली माणसं आणखीच भ्याली. आज खुद्द खोत परीक्षा घेतोय म्हणजे कुणाचं तरी छप्पर जाणारच. अडसर पडल्याचे आवाज खोताला चिखलात ऐकू आले. त्याच्या वाड्यावर राणोजी जेवून लवंडला होता. त्यानं धन्याचा आवाज ओळखला, कौतुकानं हसला आणि कूस बदलली.

पाणी खोताच्या छातीशी आलं. “आजोबा!” वर सगुणा रडायला लागली. “आजोबा, मला उतरवा!”

तो पोरीचा आवाज शेवटच्या घरात येसूला ऐकू गेला. दार तिनंही लावलं होतं. खोताची बोंब ऐकून ती हलली नव्हती. पण हा आवाज सहा वर्षांच्या पोरीचा होता. असला आवाज राणोजीला काढता येत नाही. येसूनं अडसर काढला आणि ती बांधाकडे गेली.

खोतानं तिला बघितलं. “येसू! बोंब मार गं! माझ्या बोंबेला कुणी येत नाही. तुझा आवाज गावाला माहीत आहे!”

येसूचे ओठ हलले. कुजबुजतच ती म्हणाली, “हुकूम आहे ना, खोत. हळू येऊन सांगायचं.”

ती टोमणा मारत नव्हती, बरं का. ती खरोखरच भ्यालेली होती.

“हुकूम मोडला!” खोत रडत ओरडला. “माझा हुकूम मीच मोडला! पोर जाईल गं येसू!”

येसूनं तोंडापर्यंत हात नेला. तोंड उघडलं. आवाज फुटेना. गळ्यातून नुसता वारा बाहेर आला. तिनं पुन्हा हात मारला, पुन्हा वारा. बांधाचं मोठं ढेकूळ सुटून पाण्यात पडलं आणि सगुणा गुडघ्यांवर आली.

येसूला आपल्या पाठीवरचं ओझं आठवलं. ते कसं गार होत गेलं ते आठवलं. आणि मग तिच्या पोटातून, कुठल्या खोल जागेतून कोण जाणे, तो आवाज आला.

“अंताजी खोताच्या नावानं बोंब! माझी मैना गेली! मला हाक मारू दिली नाही! अंताजी खोताच्या नावानं बोंब!”

खाडीपलीकडच्या गुरांनी माना वर केल्या.

बंद दारांमागे माणसं ताठ बसली. धर्मा कुंभार उभा राहिला. “ही खरी बोंब आहे,” तो बायकोला म्हणाला.

“कशावरून?” तिनं त्याचा हात घट्ट धरला होता.

“नाव घेतलं तिनं. राणोजीनं इतक्या बोंबा मारल्या, एकीत तरी खोताचं नाव होतं का? त्याची छाती आहे का तेवढी?”

त्यानं अडसर काढला, अंगणात आला आणि तोंडावर हात मारला. “अंताजी खोताच्या नावानं बोंब! भर पावसात माझं छप्पर नेलं!” पुढचं दार उघडलं. “अंताजी खोताच्या नावानं बोंब! माझ्या म्हाताऱ्याला दारात उभं केलं नाही!” मग तिसरं, मग चौथं. मुक्या शिमग्यांची सगळी गाऱ्हाणी एकदम बाहेर पडली आणि सगळा गाव बोंबा मारत बांधाकडे धावत सुटला. हातात फावडी, पहारी, कोयते.

चिखलातून खोतानं हे बघितलं. ज्याला तो जन्मभर भ्याला तेच समोरून येत होतं. दीडशे माणसं, प्रत्येकाच्या तोंडी त्याचं नाव आणि हातात लोखंड. आता हे मला इथेच गाडणार, असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

पावलं त्याच्या शेजारून धडधडत पुढे गेली.

धर्मानं काथ्याचा दोर कमरेला बांधला, चौघांनी टोक धरलं आणि तो खांडीत उतरला. पाण्यानं त्याला दोनदा उलथवलं. तिसऱ्यांदा तो पलीकडे चढला, सगुणेला छातीशी घेतलं आणि माणसांनी दोघांना ओढून अलीकडे आणलं. त्यानंतर पाचच मिनिटांत ती उभी होती तो तुकडा खाडीत गेला.

खांड बुजवायला पेंढ्या टाकल्या, त्या वाहून गेल्या. दगड टाकले, तेही गेले. तेव्हा कुणीतरी ओरडलं, “दारं आणा!” माणसं उलटी धावली, घरांची दारं बिजागऱ्यांवरून उचकटली आणि पाठीवर घालून आणली. ती खांडीत आडवी उभी केली, निम्मी माणसं त्यांना पाठी लावून बसली आणि बाकीची मागून चिखल टाकत गेली. दिवस कलला, ओहोटी लागली तेव्हा कुठे पाणी थांबलं. निम्मं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं होतं.

पाणी गळ्याशी यायच्या आत खोताला दगडाखालून काढलं होतं, तेही धर्मानंच. खोताची पगडी केव्हाच वाहून गेली होती. तो उघड्या डोक्यानं, चिखलानं माखलेला, गावासमोर बसला. त्यानं धर्माकडे बघितलं आणि म्हटलं, “ऐकलं.” शेजारच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “ऐकलं.” एकेकाला तसं म्हणत तो येसूपर्यंत आला. तिथे त्यानं मान खाली घातली. येसू वाट बघत उभी राहिली. मग तो म्हणाला, “ऐकलं, येसू,” आणि लहान पोरासारखा रडला.

राणोजी त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. छपरं पुन्हा चढली, दारं पुन्हा बसली. पुढच्या शिमग्याला खोत सकाळपासून उघड्या डोक्यानं उंबऱ्याबाहेर उभा राहिला. कुणी येईना. भीती दवंडीनं येते, पण दवंडीनं जात नाही. दुपारपर्यंत तो तसाच उन्हात उभा होता, दुखऱ्या पायावर. मग लोक कोपऱ्या कोपऱ्यांतून जमले, तेही लांब उभे. शेवटी येसू पुढे आली. मान तिचाच होता.

“अंताजी खोताच्या नावानं बोंब! माझी मैना गेली!”

“ऐकलं,” खोत म्हणाला. मागून गावाची बोंब उठली, आणि खोत जागचा हलला नाही.

मघाशी सांगितलं ना, जे गाऱ्हाणं दूर होतं ते पुन्हा काढायचं नाही, जे राहतं ते पुन्हा सांगायचं. येसूचं गाऱ्हाणं कोण दूर करणार? त्यामुळे दर शिमग्याला पहिली बोंब तीच. पंधरा-वीस वर्षांनी कुणी तिला म्हणालंसुद्धा, “पुरे आता, येसू. खोत म्हातारा झाला.” तिनं विचारलं, “माझी मैना आली का परत?” पुन्हा तिला तसं कुणी म्हणालं नाही.

शेवटच्या वर्षी अंताजीला उभं राहवत नव्हतं. सगुणेनं आणि धर्मानं त्याला खाटेसकट उंबऱ्याबाहेर आणलं. त्यानं स्वतःच्या हातानं पगडी उतरवली. येसूनं बोंब मारली. खोताचा आवाज आता अगदी बारीक झाला होता, पण सगळा गाव गप्प राहिला आणि त्याचा शब्द सगळ्यांना ऐकू गेला.

तात्पर्य: लहान माणसाला मोठ्या माणसाच्या तोंडावर खरं बोलू देणारा सण मोडू नये. त्याची बोंब आज बंद केली, तर उद्या आपल्या हाकेला धावून यायला कुणी उरत नाही. आणि त्यापायी गेलेला जीव नुसतं “ऐकलं” म्हटल्यानं परत येत नाही.